आधी मागचं अंगण, मग पुढची पाटी

जंगलालगतच्या गावांतून पर्यटनाचा धंदा करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी ढीगभर आली. खोलीला रंग कोणता द्यावा, पाटी कशी असावी, फोटो कुठे टाकावेत, हे विचारणारी पत्रं आम्ही बाजूला ठेवली. ते ज्याचं त्याला सुचतं. इथे घेतलेत ते सांडपाणी, विहीर, हिशेब आणि उकिरड्याचे प्रश्न, कारण दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला धंदा बसतो तो यांच्यापायी.

प्रश्न : घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. मे महिन्यात मीटर बाय मीटर बाय मीटरचा शोषखड्डा केला. तेव्हा पाणी छान जिरायचं. आता चार पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी खड्डा तुंबतो, मागे चिखल आणि डास. जमीन काळी आहे. खड्डा दुप्पट करू का? (भद्रावती तालुका, जि. चंद्रपूर)

नका करू. दुप्पट केलेला खड्डाही तुंबेल, फक्त दोन दिवस उशिरा.

मे महिन्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुमचं पाणी मातीत जिरत नव्हतं, भेगांत उतरत होतं. पाऊस पडला, माती फुगली, भेगा मिटल्या आणि खड्ड्याचा हौद झाला. उन्हाळ्यात खणलेला आणि उन्हाळ्यातच ‘पास’ झालेला शोषखड्डा काळ्या जमिनीत फसवतो तो असा.

आता माप बघा. तुमच्या खड्ड्याच्या चार भिंती मिळून ४ चौरस मीटर होतात. तळ धरायचा नाही, तो गाळाने लवकर बंद होतो. रेताड पोयट्याच्या जमिनीत एक चौरस मीटर भिंत दिवसाला साधारण ३० लिटर पाणी कायम पीत राहते. चिकण काळ्या मातीत जेमतेम १० लिटर. म्हणजे तुमचा खड्डा रोज ४० लिटर पिणार. चार पाहुण्यांची आंघोळ, हातपाय, भांडी, चादरी धरून रोजचं सांडपाणी ३२० लिटरच्या खाली येत नाही. या हिशेबाने असे आठ खड्डे लागतील. तेवढी जागा असती तर तुम्ही तिथे तिसरी खोली काढली असती.

करायचं ते या क्रमाने करा.

पहिलं, पाणी कमी करा. शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर ओततो. दहा मिनिटांच्या आंघोळीला ८० ते १०० लिटर. २० लिटरच्या दोन बादल्यांत तीच आंघोळ ४० लिटरमध्ये होते. शॉवर काढा, मोठी बादली आणि चांगला पितळी किंवा स्टीलचा तांब्या ठेवा. गरम पाणी पुरेसं असलं की शहरातला पाहुणा कुरकुरत नाही, हे लक्षात ठेवा. थंडीत कुरकुर होते ती कोमट पाण्याची.

दुसरं, स्वयंपाकघराचं पाणी थेट खड्ड्यात सोडू नका. रश्श्याचं तेल दगडांवर मेणासारखं बसतं आणि मग काही केल्या पाणी उतरत नाही. मोरीच्या बाहेर दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल अशी विटांची टाकी बांधा, मधे भिंत घालून दोन कप्पे करा. दुसऱ्या कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूने टी बसवा, त्याचं खालचं तोंड पाण्यात अर्धा फूट बुडालेलं राहू द्या. तेल वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं आणि मधलं पाणी पुढे जातं. सीझनमध्ये दर चार दिवसांनी वरचा थर काढायचा. हे काम कोणाचं ते आजच ठरवा. ठरवलं नाही तर ते कोणाचंच नसतं.

तिसरं, सब्बल घेऊन मुरूम किती खाली आहे ते बघा. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर खड्डा मुरमात दोन-अडीच फूट उतरवा, म्हणजे पाणी मुरूमच पिईल. खाली मोठे दगड, त्यावर मुठीएवढे, त्यावर विटांचे तुकडे. वर पोतं आणि माती. रेती सगळ्यात वर टाकू नका, ती पहिल्याच महिन्यात खाली उतरून फटी बुजवते. असे दोन खड्डे करा आणि पंधरवड्याने पाणी आलटूनपालटून सोडा. रिकामा राहिलेला खड्डा वाळतो, भिंतींवरचा शेवाळी थर सुटतो, पुन्हा पाणी प्यायला तयार होतो.

सहा फुटांपर्यंत काळीच माती असेल तर खड्ड्याचा नाद सोडा. दीड फूट रुंद, एक फूट खोल, वीस-पंचवीस फूट लांब नाली काढा, गिट्टीने भरा, हलका उतार द्या. त्यात कर्दळ दाट लावा आणि शेवटी केळीची चार-पाच खुंटं. पाणी गिट्टीच्या वर दिसता कामा नये. दिसलं की डास आलेच.

हे सगळं न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यापुरतं. संडासाचं पाणी यात कधीच मिसळायचं नाही, त्याला दोन खड्ड्यांचा संडास वेगळा. काळ्या जमिनीत त्या खड्ड्यांच्या बांधकामाभोवती बाहेरून एक फूट जाडीचा रेती-गिट्टीचा थर भरावा लागतो. मिस्त्री तो हमखास विसरतो, म्हणून माती लोटायच्या आधी स्वतः उभं राहून बघा. विहिरीपासून अंतर कमीत कमी १० मीटर. खाली फटींचा खडक असेल तर आणखी लांब. आणि पाहुणा येणार म्हणून संडासात ॲसिड ओतू नका. मैला कुजवणारे जिवाणू मरतात, खड्डा सडत नाही, भरतो.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पितो. पाहुणे मात्र बाटलीचंच मागतात. दर आठवड्याला पोतंभर रिकाम्या बाटल्या निघतात. काय करावं? (पेंच परिसर, जि. नागपूर)

पाहुण्याला पाण्याची तितकी भीती नसते, न सांगितलेल्या पाण्याची असते. विहिरीचं पाणी कधी तपासलं, त्यात काय टाकलं, हे भिंतीवर तारखेसह लिहिलं की बाटलीची मागणी उतरते.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मोजून टाकायची, अंदाजाने नाही. १,००० लिटरला अडीच ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. गोल विहिरीचं पाणी असं काढा : व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर. ४ × ४ × ०.७८५ × ३ म्हणजे ३७.७ घनमीटर, अर्थात ३७,७०० लिटर. पावडर लागेल सुमारे ९५ ग्रॅम. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोराने विहिरीत सोडून हिंदोळा. अर्धा-एक तास पाणी उपसू नका. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड लागतं आणि मग गाव म्हणतं, पावडरीने पाणी नासतं. उघड्या पोत्यातली, दमट कोठीतली पावडर दोन महिन्यांत निम्मी मरते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. क्लोरीन उरलंय की नाही हे आरोग्यसेवकाच्या ओटी टेस्टने कळतं. जिवाणूंसाठीची तपासणी-बाटली एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाणी खराब.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक गोष्ट. चंद्रपूर, यवतमाळकडच्या बऱ्याच बोअरला फ्लोराईड जास्त असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी प्यायला वापरू नये. उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. ही तपासणी जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत होते.

पाणी चांगलं निघालं की स्टीलच्या बाटल्या खोलीत ठेवा आणि ओसरीवर मातीचा माठ. माठाला लांब दांड्याचं ओगराळं द्या. पेला बुडवला की सगळी मेहनत वाया.

प्रश्न : आम्ही माणशी ८०० रुपयांत राहणं, नाश्ता, दोन जेवणं देतो. पाहुणे खूश असतात. पण जूनमध्ये हातात काही नसतं. दर वाढवला तर शेजारचा ७०० करेल. (चिमूर तालुका)

वहीशिवाय हा प्रश्न सुटत नाही. तुमची नेमकी आकडेवारी पत्रात नाही, म्हणून आम्ही दोन खोल्यांच्या घराचे आकडे धरून दाखवतो. तुमचे टाकून हेच गणित करा.

एका पाहुण्याचा एका दिवसाचा खर्च : किराणा, भाजी, दूध २६०, गॅस-सरपण ३५, चादर-टॉवेल धुणं ४०, वीज ३०, साबण, झाडू, इतर २०. बेरीज ३८५.

आता वर्षाचा खर्च, जो पाहुणा आला काय, न आला काय, होतोच. कर्जाचा हप्ता महिन्याला ५,००० म्हणजे ६०,०००. गाद्या, कूलर, नळ, छप्पर यांची दुरुस्ती ३६,०००. एकूण ९६,०००. १ ऑक्टोबर ते ३० जून हे २७३ दिवस, त्यातले मंगळवार ताडोबा बंद. कागदावर २३४ रात्री दिसतात; प्रत्यक्षात पाहुणे शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना येतात. ७० रात्री, सरासरी ३ माणसं, म्हणजे २१० मुक्काम. ९६,००० भागिले २१० म्हणजे माणशी ४५७.

३८५ आणि ४५७ मिळून ८४२. तुम्ही ८०० घेता. म्हणजे घरच्या बायकांची मजुरी शून्य धरूनसुद्धा प्रत्येक पाहुण्यामागे ४२ रुपयांचा खड्डा. आणि मजुरी शून्य का धरायची? दोघीजणी सहा-सहा तास राबतात, तासाला ६० रुपये धरले तरी ७२० होतात, तिघांत वाटले तर माणशी २४०. खरा खर्च १,०८२. बुकिंग एजंटकडून आलं आणि त्याने २० टक्के कापले तर हाच खर्च निघायला दर १,३५३ हवा.

यातून दोन वाटा निघतात. दर वाढवा, किंवा ७० रात्रींच्या १०० करा. दुसरी वाट आठवड्याच्या मधल्या दिवसांतून जाते : पक्षी बघणारे, चित्रं काढणारे, शाळांच्या सहली, बफरमध्ये म्हणजे गाभ्याबाहेरच्या जंगलात फिरायला येणारे लोक. सोमवार ते गुरुवार वेगळा, कमी दर ठेवा; शनिवारी एक रुपया सोडू नका.

शेजाऱ्याचं म्हणाल तर त्यालाही बोलवा आणि हे गणित त्याच्या वहीत करा. ७०० वर तो तुमच्यापेक्षा लवकर बुडतोय, त्याला ते ठाऊक नाही इतकंच. गावातल्या सगळ्या घरांनी मिळून किमान दर ठरवणं हे पाडापाडीवरचं एकच औषध आम्हाला ठाऊक आहे. आणि ते चालतं ते पहिली वही उघडी ठेवणारा कोणी निघाला तरच.

कर्ज अजून घ्यायचं असेल आणि धंदा घरातल्या बाईच्या नावावर असेल तर राज्याचं २०२३ चं ‘आई’ पर्यटन धोरण बघा. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. हप्ता मात्र आधी तुम्हालाच भरावा लागतो.

प्रश्न : आमच्या ग्रामसंघातल्या पंधरा जणींना पर्यटनाचं प्रशिक्षण द्यायचं आहे. कोणी घरी पाहुणे ठेवतं, कोणाची टपरी, कोणाचा किराणा. याआधी तालुक्याला तीन दिवसांचं झालं, प्रमाणपत्रं मिळाली, बदललं काही नाही. काय शिकवावं, कधी? (नागझिरा परिसर)

आधी ‘कधी’ बघू, कारण निम्मी प्रशिक्षणं तिथेच मरतात. निधी संपवायचा म्हणून ती मार्चअखेर लागतात आणि त्याच दिवसांत मोह पडत असतो. पहाटे मोहफूल वेचायला गेलेली बाई दहा वाजता सभागृहात झोपणारच. त्यानंतर तेंदूपत्ता, जुलैपासून रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. मोकळा काळ म्हणजे रोवणी आटोपल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. पोळ्याचे दोन दिवस सोडा. १ ऑक्टोबरला गेट उघडण्याआधी शिकलेलं लगेच हाताखालून जातं. वेळ दुपारी १२ ते ३, जागा गावातलंच एखादं घर. तालुक्याला ठेवलं की घरचा पुरुष जातो आणि काम करणारी बाई घरीच राहते.

पाच बैठका पुरतात.

पहिली पाण्याची. २०० लिटरच्या ड्रमवर आतून दर २० लिटरला रेघ मारा, एका घराचं दिवसभराचं पाणी त्यातूनच घ्या. सांजेला रेघ बघितली की कोणाला भाषण द्यावं लागत नाही.

दुसरी हिशेबाची. वर दिलेलं गणित, पण प्रत्येकीचे स्वतःचे आकडे. टपरीवालीने एका कप चहाचा खर्च काढायचा : दूध, साखर, पत्ती, गॅस, फुटलेला ग्लास.

तिसरी स्वयंपाकाची, वजनकाट्यासह. एका जेवणाला माणशी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ ४० ग्रॅम, भाकरीचं पीठ १२० ते १५० ग्रॅम. जिथे भाताचं पातेलं रोज अर्धं उरतं तिथे मापच नसतं. पदार्थ तुमचेच ठेवा. भंडारा-गोंदियाकडे चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ, पावसाळ्यात तरोटा, सिंगाडे असताना पनीर नागपूरहून का आणायचं? पातोडीचा रस्सा तिखट होतो ही तक्रार खरी आहे. तर्री वेगळी वाढा, ज्याला हवी तो घेईल.

चौथी कचऱ्याची. पाच घरांचा, एका टपरीचा एका दिवसाचा कचरा ताडपत्रीवर ओता, वेगळा करा, तोला. कोणता कचरा आपण विकत आणून घरात घेतो ते डोळ्यांना दिसतं : शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या. किराणावाली याच बैठकीत ठरवू शकते की काय ठेवायचं बंद करायचं.

पाचवी रात्रीची, आणि ही सोडू नका. प्रत्येकीने दुसरीच्या घरी पाहुणी म्हणून एक रात्र राहायचं. बॅटरी न घेता संडासाला जायचं, तिथल्या बादलीत आंघोळ करायची, सकाळी बिल मागायचं. कडी लागत नाही, उशीला खोबरेल तेलाचा वास येतो, रात्री दोनला घरातला टीव्ही ऐकू येतो, हे कोणताही तज्ज्ञ सांगणार नाही, शेजारीण सांगेल. तीन महिन्यांनी त्याच पंधरा घरी पुन्हा जा आणि फक्त दोन गोष्टी बघा : वही चालू आहे का, आणि तेलाची टाकी शेवटची कधी साफ केली.

प्रश्न : रस्त्यावर आमचं सावजी पद्धतीचं मटणाचं हॉटेल आहे. हाडं मागच्या नाल्यात टाकतो, कुत्री साफ करतात. वनरक्षकाने हटकलं. एवढं काय त्यात? (उमरेड-कऱ्हांडला रस्ता)

त्यात बिबट्या आहे. हाडांवर कुत्री वाढतात, खरकट्यावर रानडुकरं येतात आणि कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं. तो एकदा हॉटेलमागे शिकार मिळवू लागला की रोज येतो, आणि त्या नाल्याच्या कडेने सकाळी तुमचाच माणूस भांडी घासायला बसतो. शिवाय कुत्र्यांचे रोग जंगली प्राण्यांना लागतात.

हाडं घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये, रोज संध्याकाळी, तीन फूट खोल चरात. वर चुना, मग माती, मग दगड. कंपोस्टमध्ये हाडं आणि रस्सा टाकू नका, रानडुक्कर ढीग उकरून काढतं. तेल नालीत नाही, डब्यात. प्लास्टिक जाळू नका.

थोडक्यात

*खोलीवर टिनाचं छप्पर आहे. पाहुणे एसी मागतात. (वरोरा)* आधी टिनावर चुन्याचे दोन-तीन हात, आतून बांबूच्या ताट्यांचं छत, टिन आणि ताटीमध्ये फूटभर पोकळी, तिला दोन्ही टोकांना जाळी. मग कूलर. कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी राहिली पाहिजे, हे पाहुण्याला सांगावं लागतं. तो एसीच्या सवयीने सगळं बंद करतो आणि खोली दमट झाली म्हणून तक्रार करतो. मोठा कूलर तासाला ५ ते ८ लिटर पाणी घेतो, रात्रीचे ५० ते ८० लिटर. पाण्याच्या हिशेबात हे धरा.

*रात्री पाहुण्यांना गाडीतून जनावरं दाखवली तर चालेल का?* नाही. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाघांच्या अधिवासातल्या रात्रीच्या पर्यटनाविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. रात्री आकाश दाखवा. पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं ते तिथल्या गावांनी दिव्यांची तोंडं खाली वळवली म्हणून. तुमच्या अंगणातला पांढरा फ्लडलाइट काढून पिवळा, टोपीचा दिवा लावणं एवढंच काम आहे.

*विदेशी पाहुणा आला तर?* पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घ्या आणि २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करा (पूर्वीचा ‘फॉर्म सी’). या नोंदणीचं लॉगिन आधीच काढून ठेवा, पाहुणा दारात असताना ते होत नाही.

*शेकोटी?* १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, तेव्हा अजिबात नाही. हिवाळ्यात लोखंडी घमेल्यात, ओसरीपासून लांब, झोपण्यापूर्वी पाणी ओतून.

*पाहुण्यांसाठी गावातल्या पोरींचा नाच बसवावा असं एका एजंटाने सुचवलं. (गडचिरोली जिल्हा)* रेला हा सणाचा, लग्नाचा नाच आहे, जेवणाच्या ताटाबरोबर वाढायचा नाही. ग्रामसभेत विचारा, नाही म्हटलं तर विषय संपला. त्यापेक्षा जे गावात आपसूक चालू आहे तिथे पाहुण्याला न्या. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा, मग झाडीपट्टीची नाटकं. तिकीट काढून, गावकऱ्यांच्या बरोबर तट्ट्यावर बसून बघायचं, अंगावर चादर हवी. पाहुण्याला एवढं मात्र आधी सांगा की नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि संपतं तेव्हा उजाडलेलं असतं; दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सफारीचे पैसे भरून ठेवू नयेत.